गायीला जिवंत यीस्ट: आधी पोट बघा, मग डबा आणा

यीस्टचा पहिला डबा मी आणला तो एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात. दौंड तालुक्यातल्या आमच्या गोठ्यावर तेव्हा अकरा गायी दुधात होत्या. उसाचा हंगाम संपला, वाढे (उसाचे हिरवे शेंडे) बंद झाले, दोन दिवसांत सगळ्या गायी मक्याच्या मुरघासावर आणल्या आणि डेअरीच्या पावतीवर फॅट ३.६ वरून ३.१ वर उतरलं. दुकानदार म्हणाला, "हे सुरू करा, आठ दिवसांत फॅट जाग्यावर." डबा पत्र्याच्या शेडमध्ये पेंडीच्या पोत्यांवर ठेवला. संध्याकाळी सरकी पेंड गरम पाण्यात भिजत घालायची आमची जुनी पद्धत. त्या पातेल्यातच चमचाभर पावडर टाकायची. महिनाभर इमानेइतबारे दिलं. फॅट होतं तिथंच.

पुढं एकदा डॉक्टर गाभण तपासायला आले तेव्हा त्यांच्यापुढं गाऱ्हाणं मांडलं. त्यांनी दोनच प्रश्न विचारले: डबा ठेवता कुठं आणि आंबोणाचं, म्हणजे पेंड भिजवायचं, पाणी किती गरम असतं? उत्तर द्यायच्या आधीच माझं मला कळलं. आई विरजण लावताना दुधात करंगळी बुडवून बघायची. कढत दुधात विरजण घातलं तर दही लागत नाही, हे घरात पोराटोरांना ठाऊक. आणि मी जिवंत पावडर महिनाभर चटक्याच्या पाण्यात घालत होतो.

तेव्हापासून यीस्ट वापरायचं ते नीट समजून, मोजून वापरतो. आता जे करतो ते आणि करताना जे शिकलो ते पुढं लिहितो.

डब्यात नेमकं काय आहे?

सॅकरोमायसीस सेरेव्हिसी हे या जिवाचं शास्त्रीय नाव. पहिल्या शब्दाचा अर्थ साखरेवरची बुरशी. पाव फुगवतं ते खमीर याच जातीचं. दुकानात त्याला सर्रास "जिवाणू" म्हणतात, पण तो जिवाणू नव्हे. एका पेशीची बुरशी आहे. हा फरक नुसता पुस्तकी नाही. कासेच्या आजारात गायीला अँटिबायोटिक चालू असलं तरी यीस्ट त्यानं मरत नाही, कारण ती औषधं जिवाणूंवर चालतात. तेव्हा यीस्ट मध्येच बंद करायची गरज नसते.

गोंधळ होतो तो "यीस्ट" या एका नावाखाली चार निरनिराळ्या वस्तू विकल्या जातात म्हणून.

जिवंत यीस्ट म्हणजे वाळवून झोपवलेल्या, पण जिवंत पेशी. ग्रॅममध्ये किती जिवंत पेशी आहेत हा आकडा लेबलवर असतो, आणि मात्रा अगदी थोडी, काही ग्रॅमची असते.

यीस्ट कल्चर म्हणजे यीस्ट ज्या खाद्यावर वाढवलं ते खाद्य आणि वाढताना तयार झालेले पदार्थ, सगळं एकत्र वाळवलेलं. त्याचा गुण जिवंत पेशींवर अवलंबून नसतो, त्यामुळं उष्णतेची तितकी भीती नाही. पण मात्रा मोठी लागते.

यीस्टच्या पेशीभित्तिका बुरशीजन्य विष बांधून ठेवणाऱ्या मिश्रणांत घालतात. ते काम वेगळं, औषध वेगळं. आणि चौथं, मद्यनिर्मितीतून उरलेलं मेलेलं यीस्ट: हे प्रथिनांचं चांगलं खाद्य आहे, सोयाबीन पेंडीच्या पंगतीत बसणारं. त्याच्याकडून जिवंत यीस्टच्या कामाची अपेक्षा धरू नका.

"बेकरीतलं यीस्ट स्वस्त पडतं, ते चालेल का?" हा प्रश्न हमखास येतो. जात तीच, वाण वेगळा. बेकरीचा वाण कणीक झटपट फुगावी म्हणून निवडलेला असतो. पशुखाद्याचा वाण गायीच्या पोटात तग धरतो का आणि तिथं उपयोगी पडतो का हे तपासून निवडलेला असतो. बियाणं म्हणून कोणी बाजारातली ज्वारी पेरत नाही, तसंच हे. मी बेकरीच्या वाटेला जात नाही.

पोटात गेल्यावर ते काय करतं?

गायीचं कोठीपोट म्हणजे शंभर लिटरच्या पुढचं पिंप. आत ३९ अंश सेल्सिअसच्या आसपास ऊब, हवा जवळजवळ नाही, आणि अब्जावधी जिवाणू. कडबा, घास, मुरघास पचवते ती गाय नव्हे, हे जिवाणू पचवतात. धागा, म्हणजे चोथा पचवणाऱ्या जिवाणूंना प्राणवायू सोसत नाही. आणि गाय खाते-पिते तेव्हा प्रत्येक घासाबरोबर, घोटाबरोबर थोडी हवा आत जातेच. यीस्ट ती हवा वापरून टाकतं. धागा पचवणाऱ्यांना मोकळीक मिळते.

दुसरं काम आम्लाचं. मका भरडा, गव्हाचं पीठ, गोळी पेंड जास्त झाली की पोटात साखर एकदम सुटते आणि काही जिवाणू तिच्यावर तुटून पडून लॅक्टिक आम्ल बनवतात. पीएच (आम्ल वाढलं की उतरणारं माप) घसरतो. सहाच्या वर असायला हवा तो साडेपाचाकडं सरकला की धागा पचवणारे गप्प बसतात, फॅट उतरतं, शेण पातळ होतं. यीस्ट त्या साखरेत वाटेकरी होतं आणि लॅक्टिक आम्ल खाणाऱ्या जिवाणूंना वाढीला लागणारे घटक पुरवतं. म्हणजे आपण यीस्ट गायीला देतच नसतो. तिच्या पोटातल्या कामगारांना चहा पाजत असतो.

हे यीस्ट पोटात वस्ती करत नाही. त्याला मानवणारी ऊब तिशीच्या आसपासची, गायीचं पोट त्याला गरमच. दिवसभर काम करतं आणि खाद्याबरोबर पुढं वाहून जातं. म्हणून ते रोज द्यावं लागतं. "आठवड्यातून एकदा मोठा डोस" हा सल्ला कोणी दिला तर मान डोलावून पुढं चालू लागावं.

मग फायदा किती? जगभरच्या बऱ्याच प्रयोगांचे आकडे एकत्र करून फ्रान्समधल्या संशोधकांनी २००९ साली हिशोब मांडला. शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागं सरासरी १.२ ग्रॅम दूध वाढलं आणि ०.४४ ग्रॅम कोरडं खाद्य (म्हणजे पाण्याचा अंश वजा जाता उरेल तेवढं) गायीनं जास्त खाल्लं. फॅट थोडं वाढण्याकडं कल दिसला, प्रथिनांत फरक नाही. आपल्याकडची ४५० किलोची संकरित होल्स्टिन धरली तर दूध अर्ध्या लिटरनं वाढतं आणि ती २०० ग्रॅम कोरडं खाद्य जास्त खाते. ही सरासरी आहे, काही प्रयोगांत काहीच फरक पडला नाही. "दोन-तीन लिटर वाढतं" असं कोणी छातीठोक सांगत असेल, तर गायीच्या खाद्यात आधी काय बिघडलं होतं ते त्याला विचारा.

डबा आणण्याआधी चार दिवस गोठ्यात बसा

ही पायरी सगळे टाळतात, मीही टाळली होती. पण इथंच निम्म्याहून जास्त पैसे वाचतात.

दुपारी, खाऊन दोन-तीन तास झाल्यावर, गायी निवांत बसलेल्या असताना मोजा. बसलेल्यांपैकी निदान निम्म्या रवंथ करत असायला हव्यात. एका घासाला किती वेळा चावते तेही मोजा: साठाच्या आसपास चांगलं, चाळिशीत असेल तर वैरणीत लांब धागा कमी आहे. रवंथ कमी म्हणजे लाळ कमी. गाय दिवसाला शंभर लिटरच्या पुढं लाळ गिळते आणि त्या लाळेत आम्ल मारणारा सोडा असतो. फुकटचा सोडा बंद पाडून पुडीतला विकत घेण्यात काय शहाणपण?

मग शेण. पाचसहा गायींचं ताजं शेण पिठाच्या जुन्या चाळणीत घालून पाण्याखाली धुवा. चाळणीत मक्याचे अख्खे दाणे, अर्ध्या इंचाहून लांब काड्या, शेंबडासारखे धागे राहिले तर पोटात अन्न थांबत नाही किंवा नीट पचत नाही, हे त्यातून कळतं. बायको म्हणाली होती, "आता एवढंच राहिलं होतं." पण त्या चाळणीनं मला शिकवलं तितकं कुठल्या विक्रेत्यानं शिकवलं नाही. आमच्या मुरघासातले दाणे कुट्टी यंत्रात फुटतच नव्हते. दाण्यातलं पिठूळ जसंच्या तसं शेणात जात होतं आणि मी वरून भरडा वाढवत होतो.

पावती बघा. एका गायीचं फॅट पडलं तर तिचं काहीतरी. सगळ्यांचं एकदम पडलं तर खाद्याचं. मात्र सकाळचं फॅट सकाळशी, संध्याकाळचं संध्याकाळशी ताडून बघा. दोन धारांमधलं अंतर सारखं नसेल तर जिथं अंतर कमी तिथं फॅट चढं दिसतं. आणि धार पूर्ण निघाली नाही तर फॅट पडतंच, कारण शेवटच्या धारेत ते सर्वात जास्त असतं. गडी बदलला की फॅट बदललं, असं आमच्याकडं झालेलं आहे. तिथं यीस्ट काय करणार?

आता खाद्याची विभागणी. एकूण कोरड्या खाद्यात निदान निम्मा वाटा वैरणीचा असावा. पेंड, भरडा एका वेळी दोन-अडीच किलोच्या वर घालू नये. गाय जास्त दुधाची असेल तर वेळा वाढवा, पाटी वाढवू नका. मुरघास, हत्तीघास कितीही चांगला असला तरी दोन-तीन किलो कडबा रोज पोटात गेलेला बरा. उसाचे वाढे हंगामात फुकटात किंवा मातीमोल मिळतात म्हणून आपल्या दौंड-इंदापूर-बारामती पट्ट्यात गायी त्यावरच निघतात. त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवतं, तेव्हा खनिज मिश्रण चुकवू नका. आणि वैरण बदलायची ती दहा-बारा दिवसांत, थोडी थोडी. माझी खरी चूक हीच होती. एप्रिलमध्ये दोन दिवसांत वाढ्यावरून मुरघासावर उडी मारली, पोटातली जिवाणूंची वस्ती बदलायला सवडच मिळाली नाही. तिथं ताजं, नीट ठेवलेलं यीस्टही थोडंच सावरू शकलं असतं.

पाणी तर बघाच. पंधरा-वीस लिटरची गाय उन्हाळ्यात शंभर लिटरच्या घरात पाणी पिते. मुक्त गोठ्यात तिला हवं तेव्हा मिळतं. दावणीला बांधलेल्या गायीला दोनदा बादली दाखवून भागत नाही.

बुरशी आलेला मुरघास हाही यीस्टचा विषय नाही. गंमत अशी की खड्डा उघडल्यावर तोंडाकडचा मुरघास गरम होतो तो बहुतेक वेळा रानटी यीस्टमुळंच. हवा मिळाली की ते मुरघासातलं लॅक्टिक आम्ल खाऊन टाकतं, आणि मग बुरशीला रान मोकळं. "मुरघासात यीस्ट असतंच, मग वेगळं कशाला?" असं मला एकानं विचारलं होतं. ते यीस्ट शत्रूपक्षाचं. गरम झालेला थर काढून टाकायचा, गायीपुढं घालायचा नाही.

एवढं सगळं जागेवर आल्यावर आठ-दहा दिवस थांबा. कित्येकदा फॅट इथंच परत येतं आणि डब्याची गरजच राहत नाही.

लेबल वाचणं

लेबलवर "सीएफयू" अशी तीन अक्षरं शोधा. ग्रॅममध्ये जिवंत, वाढू शकणाऱ्या पेशी किती, याचं ते माप. एकावर नऊ शून्यं म्हणजे १०० कोटी, एकावर दहा शून्यं म्हणजे १,००० कोटी. चांगल्या सघन मालात ग्रॅमला १,००० ते २,००० कोटी पेशी असतात. गायीला दिवसाला किती लागतात हे वाणावर ठरतं; बऱ्याच वाणांची शिफारस १,००० ते ५,००० कोटींच्या दरम्यान येते. आपल्या डब्यावर जी मात्रा दिली आहे ती पाळावी, दुसऱ्याच्या डब्यावरची नव्हे.

भाव किलोवर करू नका, पेशींवर करा. समजा एक डबा १,५०० रुपये किलो, ग्रॅमला २,००० कोटी पेशी. दुसरा ३०० रुपये किलो, ग्रॅमला १०० कोटी. गायीला रोज २,००० कोटी द्यायच्या तर पहिला एक ग्रॅम लागेल, खर्च दीड रुपया. दुसरा वीस ग्रॅम लागेल, खर्च सहा रुपये. स्वस्त डबा चौपट महाग पडला.

वाणाचं नाव किंवा क्रमांक, उत्पादनाची आणि मुदतीची तारीख, बॅच क्रमांक, आणि मुदत संपेपर्यंत किती पेशींची हमी, एवढं नसेल तर डबा परत ठेवा. "प्रोबायोटिक, एन्झाइम, जीवनसत्त्व, खनिज, यीस्ट, सगळं एकात" अशा पुड्यांत यीस्टचा आकडा बहुधा बारीक अक्षरांत असतो किंवा नसतोच.

घरच्या घरी जिवंतपणाची परीक्षा

हा प्रयोग पोरांनाही आवडतो. पाण्याची अर्ध्या लिटरची रिकामी बाटली घ्या. त्यात एक पेला कोमट पाणी, मनगटावर टाकलं तर ना गार ना गरम वाटेल असं. दोन चमचे साखर विरघळवा, एक चमचा यीस्ट घाला, हलवा, आणि बाटलीच्या तोंडाला फुगा लावा. शेजारी तशीच दुसरी बाटली यीस्टशिवाय ठेवा, म्हणजे फसगत नको. यीस्ट जिवंत असेल तर अर्ध्या-पाऊण तासात फेस येतो, वास पावासारखा सुटतो आणि फुगा मान वर करायला लागतो.

वरून थर दिलेलं दाणेदार यीस्ट उशिरा जागं होतं, त्याला दोन-तीन तास द्या. ही परीक्षा जिवंत की मेलेलं एवढंच सांगते. पेशी किती आणि वाण कोणता हे फुग्याला कळत नाही. आणि यीस्ट कल्चर आणलं असेल तर फेस येणार नाही; तो माल खोटा ठरवू नका.

मी डबा उघडल्या दिवशी एकदा आणि पुढं दर महिन्याला एकदा ही बाटली लावतो. एप्रिलच्या त्या पहिल्या डब्यावर लावली होती, उशिरा का होईना. फुगा आडवाच राहिला.

ठेवायचं कुठं

घरात. गोठ्यात नाही, शेडमध्ये नाही, मोटारसायकलच्या डिकीत तर नाहीच. पूर्व पुणे जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा चाळिशी गाठतो आणि पत्र्याखाली त्याहून चढतो. घरातली सर्वात गार, कोरडी जागा बघा. देवघराखालचं कपाट आमच्याकडं या कामी आलं आहे. फ्रिज चालतो, पण झाकण घट्ट हवं. गार डबा बाहेर काढून लगेच उघडला की आत दमट हवा शिरून पाणी धरतं, आणि ओलाव्यानं पेशी अर्धवट जाग्या होऊन मरतात. म्हणून आठवड्याचा माल लहान बरणीत काढून घ्यायचा, मोठा डबा बंदच ठेवायचा. चमचा कोरडा हवा.

पावसाळ्यात जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेकडं, मावळात, उष्णतेपेक्षा दमटपणाच घातक. तिथं पाच किलोची पिशवी स्वस्त मिळते म्हणून घेऊ नका. महिना-दीड महिन्यात संपेल एवढंच आणा.

खनिज मिश्रणात किंवा सोड्यात आधीच महिनाभराचं मिसळून ठेवायचा मोह होतो. तोही टाळा. खनिजांशी फार दिवस संगत झाली की पेशी कमी होत जातात. रोजच्या रोज एकत्र घालायला काही हरकत नाही.

रोज द्यायचं कसं

गायीला दोन ग्रॅम द्यायचे असतील तर चिमूट टाकून ते होत नाही. एकीला चार ग्रॅम जातं, दुसरीला काही नाही. मी असं करतो. दहा गायींचं वीस ग्रॅम यीस्ट सोनाराच्या काट्यासारख्या छोट्या डिजिटल काट्यावर मोजतो. आधी ते मूठभर गव्हाच्या भुशात चोळतो, मग तो भुसा एकूण एक किलो भुशात. प्रत्येक गायीला शंभर ग्रॅमचं एक माप, तिच्या पेंडीवर वरून. हे मिश्रण रोज ताजं; फार तर दोन-तीन दिवसांचं.

आंबोण भिजवायचं असेल तर गार पाण्यात भिजवा आणि यीस्ट शेवटी, गव्हाणीत घालताना टाका. भिजलेल्या आंबोणात रात्रभर यीस्ट ठेवलं तर ते तिथंच साखर खाऊन आंबवून बसेल. साठ अंशांच्या आसपासच्या पाण्यात त्याचा निकाल लागतो. गोळी पेंडीच्या कारखान्यात गोळी पडताना तापमान याहून वर जातं, तेव्हा "यीस्टयुक्त गोळी" असं पोत्यावर लिहिलेलं असेल तर उष्णता सोसणारं, थर दिलेलं यीस्ट आहे का, ते विचारा.

दिवसातून एकदा पुरतं. ज्या वेळी पेंड जास्त घालता त्या वेळी द्या. उन्हाळ्यात गायी दुपारी तोंड फिरवतात आणि रात्री खातात. म्हणून मार्च ते जून मी खाद्याचा मोठा हिस्सा आणि यीस्ट सूर्य मावळल्यावर देतो. दुधाच्या गायींना शंभर ग्रॅम खाण्याचा सोडाही त्या दिवसांत चालू असतो. सोडा तयार झालेलं आम्ल मारतो, यीस्ट आम्ल तयार होण्यालाच थोडा पायबंद घालतं. दोघांचं भांडण नाही.

कोणत्या गायीला, किती दिवस

सगळ्या गोठ्याला वर्षभर देणं हा कंपनीच्या सोयीचा सल्ला. मला वाटतं तीन वेळा महत्त्वाच्या.

पहिली म्हणजे व्यायच्या तीन आठवडे आधीपासून व्याल्यावर शंभर दिवसांपर्यंत. गाभणपणाच्या शेवटी तिचं खाणं घटतं, व्याली की पेंड एकदम वाढते, पोटाची सगळ्यात मोठी उलथापालथ तेव्हाच होते. यीस्टवर पैसे घालायचे तर पहिले इथं. दुसरी वेळ उन्हाळा: धापा टाकणाऱ्या गायीची लाळ गळून वाया जाते, ती वैरण कमी खाते आणि पेंड मात्र निवडून खाते. तिसरी वैरण-बदलाची: वाढे संपून मुरघास सुरू, मुरघासाचा नवा खड्डा, पावसाळ्यातलं पहिलं लुसलुशीत गवत. बदलाच्या आठवडाभर आधी सुरू करून तीन-चार आठवडे.

दहा लिटरच्या आतल्या, उतरत्या दुधाच्या आणि मुख्यतः वैरणीवरच्या गायींना, भाकड गायींना मी देत नाही. त्यांच्या पोटावर ताणच नसतो.

आणि एक वेळ अशी की तेव्हा यीस्टकडं बघायचंसुद्धा नाही. लग्नातला उरलेला भात, बुंदी, पुऱ्या गायीनं पाटीभर खाल्ल्या. पोळ्याला पुरणपोळ्यांचा मारा झाला. रात्री सुटून भरड्याचं पोतं फोडलं. सकाळी गाय सुस्त, रवंथ बंद, आंबूस वासाचं पातळ शेण, चालताना झोकांड्या. पोटात आम्ल एकदम वाढल्याचा हा तीव्र आजार काही तासांत गाय आडवी करतो. डॉक्टरला फोन लावा, नाही तर १९६२ वर फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी लावा. पुडी घोळत बसू नका.

फरक पडला का, हे कसं ओळखायचं

व्याल्यावर दीड-दोन महिन्यांत गाय शिखरावर येते आणि नंतर दूध महिन्याला सात-दहा टक्क्यांनी उतरत जातं. म्हणून शिखराआधी सुरू केलेलं काहीही "लागू पडतं" आणि शिखरानंतर सुरू केलेलं काहीही "फेल जातं". नुसतं आधी-नंतर बघून निकाल देऊ नका.

गायी दहाच्या वर असतील तर जोड्या लावा. व्यायला सारखेच दिवस झालेल्या, दूध जवळपास सारखं असलेल्या दोन गायी, चिठ्ठी टाकून एकीला यीस्ट, दुसरीला नाही. बाकी खाद्य, गडी, वेळ सगळं तेच. चार आठवडे. पहिला आठवडा हिशोबात धरू नका. पोटाला जुळवून घ्यायला वेळ लागतो. पुढचे तीन आठवडे आठवड्यातून दोन दिवस प्रत्येकीचं दोन्ही धारांचं दूध वजन करा, आणि दोन्ही गटांचा वेगळा नमुना संकलन केंद्रावर तपासून घ्या. ओळखीचा माणूस असेल तर नाही म्हणत नाही.

गायी चार-पाचच असतील तर सगळ्यांना तीन आठवडे द्या, तीन आठवडे बंद, पुन्हा तीन आठवडे द्या. बंद केल्यावर उतरलं आणि सुरू केल्यावर सावरलं तर त्यात काहीतरी आहे. वहीत पाऊस, ऊन, माज, लसीकरण, पेंडीचं नवं पोतं, सगळं टिपा. मी एकदा यीस्टचा गुण मानून बसलो होतो. वही चाळली तर त्याच आठवड्यात चार दिवस ढगाळ हवा होती आणि गायी नुसत्या गारव्यानं सुखावल्या होत्या.

दुधाआधी बदल दिसतो तो शेणात आणि रवंथात, आठ-दहा दिवसांत. शेण घट्टसर, एकसारखं पो पडायला लागतं, चाळणीतला चोथा कमी होतो.

पैशांचं गणित

समजा दूध ३२ रुपये लिटर. अर्धा लिटर वाढलं तर १६ रुपये. गायीनं २०० ग्रॅम कोरडं खाद्य जास्त खाल्लं, ते २० रुपये किलोनं ४ रुपये. यीस्ट आणि भुसा मिळून ५ रुपये. हाती ७ रुपये, दहा गायींचे दिवसाला ७०, महिन्याला २,१००. वाईट नाही, पण यानं कोणाचं कर्ज फिटत नाही. आणि दूध अर्ध्याऐवजी पाव लिटरच वाढलं, तर खाणंही निम्मंच वाढलं असं धरूनसुद्धा हाती एक रुपया राहतो. आकडे माझे मानू नका. तुमच्या डेअरीचा दर, तुमच्या डब्याची किंमत घाला. ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) या पायावर दर ठरतो तिथं एक-दोन पॉइंटनं (एक पॉइंट म्हणजे ०.१) फॅट सावरलं तरी दुधाच्या वाढीइतकाच फायदा निघू शकतो. तो वेगळ्या ओळीत मांडा.

गेल्या खेपेला माझ्या जोड्यांच्या वहीत सहापैकी चार जोड्यांत यीस्टवाली गाय पुढं होती, एकीत बरोबरी आणि एकीत मागं. मागं राहिलेली गाय लंगडत होती, म्हणजे तिचं खूर आधी बघायला हवं होतं. आता आमच्याकडं नव्या व्यालेल्या चार आणि पोट आलेल्या दोन गायींना यीस्ट चालू आहे, बाकीच्यांना मार्चपासून. डब्याच्या झाकणावर उघडल्याची तारीख खडूनं लिहिली आहे, आणि आंबोणाचं पाणी आता आई बघते, करंगळी बुडवून.